अरिताच्या थाळीची तक्रार

मी थाळी बोलतेय. चिनीमातीची थाळी, असं तुम्ही लगेच म्हणाल, आणि माझी पहिली चिडचिड तिथेच सुरू होते. चीन मी पाहिलेला नाही आणि माती माझ्यात औषधालाही नाही. मी जपानातल्या अरिता गावची. आमच्याकडे पांढरा दगड कुटतात, त्याचं पीठ करतात, भिजवतात, मळतात, आणि त्यातून आम्ही जन्माला येतो. पण जाऊ दे. नावावरून कोण भांडत बसणार? भांडायला माझ्याकडे याहून मोठी कारणं आहेत.

मला घडवलं सादाहारूनं आणि रंगवलं त्याच्या बायकोनं, मिसाओनं. पुढे दुकान, मागे कामाची खोली, परसात भट्टी, आणि सगळीकडे हे दोघंच. मी दोन्ही हातांनी उचलावी लागते एवढी मोठी. पहिल्यांदा भाजून निघाले तेव्हा अंगावर ना चकाकी ना रंग. त्या कोरड्या अंगावर मिसाओ कुंचल्यानं रेघा ओढायला बसली. अंग इतकं तहानलेलं, की कुंचला टेकला रे टेकला की रंग आत. पुसायची सोय नाही. हात जरा थबकला की तिथे डाग.

"तो रेडिओ बंद करा हो," ती नवऱ्याला म्हणाली. "पानाला वळण देतेय."

"मागच्या थाळीच्या वेळीही बंद करायला लावला होतास. ती अजून फळीवरच आहे."

"ती तुमच्यामुळे. गिऱ्हाईक आलं की तुम्ही तोंड उघडत नाही."

"ज्याला घ्यायची तो घेतो. न घेणाऱ्याच्या मागे काय लागायचं?"

हे त्यांचं रोजचंच. पण माझ्यावरची डाळिंबाची फांदी मिसाओनं जीव ओतून काढली. एक डाळिंब मिटलेलं, एक उकललेलं, आणि काठाशी एक पान किडीनं खाल्लेलं. भट्टीत जाताना रेघा मळकट करड्या होत्या, बाहेर आल्या त्या निळ्याशार. मग लाल दाणे, हिरवी पानं, काठाला केसाएवढी सोन्याची रेघ, आणि पुन्हा भट्टी. बाहेर काढल्यावर मिसाओनं मला खिडकीच्या उजेडात धरलं आणि फिरवून फिरवून पाहिलं. मला वाटलं, झालं! आता आपण कोणाच्या तरी घरी जाणार, सगळ्यांच्या मधोमध बसणार, वाफाळतं काहीतरी अंगावर घेणार.

कसलं काय. फळीवर बसले ती बसलेच.

वसंतात आमच्या गावात भांड्यांची मोठी जत्रा भरते. सुट्ट्यांचे दिवस असतात. आख्खी कुटुंबं गाड्या काढून येतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टोपल्या, टोपल्यांत वाट्या, वाट्यांवर वाकलेली माणसं. आणि माणसांच्या सवयी काय सांगू! दुकानात शिरली की पहिलं काम म्हणजे मला उलटं करायचं. पुढून मिसाओनं एवढं रंगवलंय, तर यांना माझी पाठ बघायची असते. मग नखानं टिचकी मारायची आणि कान देऊन ऐकायचं, जसं काही यांना त्यातलं कळतंच. मग फोटो. मग नवऱ्याकडे बघून "किती सुंदर आहे नाही!" असं म्हणायचं, आणि नवरा "हं" म्हणाला की मला खाली ठेवायचं. ठेवतानाही जिथून उचललं तिथे नाही, भलत्याच जागी. सुंदर, सुंदर, सुंदर. ऐकून ऐकून मला त्या शब्दाची शिसारी आली. अहो, सुंदर आहे तर न्या की घरी! तीन भट्ट्या सोसल्या त्या काय टिचक्या खायला?

अशाच एका जत्रेत एतो कुटुंब दुकानात आलं. हिता गावचं. पुढे फुसाएबाई, सत्तरीच्या पुढच्या, ठेंगण्या, डोक्यावर उन्हाची टोपी. मागे त्यांची मोठी मुलगी चिगुसा, फुकुओकाला एकटी राहणारी. तिच्यामागे धाकटा कुनिहिको, हातात गाडीची किल्ली खुळखुळवत. आणि शेवटी सून नागिसा, सकाळपासूनच्या पिशव्यांनी वाकलेली.

फुसाएबाई इकडेतिकडे न बघता थेट माझ्यासमोर आल्या. मला उलटं केलं नाही. टिचकी मारली नाही. दोन्ही हातांनी उचललं, आणि हातावर वजन तोलत म्हणाल्या, "हिच्यात आठ माणसांची भाजी मावेल."

माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी कामाचं बोललं होतं.

"आठ माणसं?" चिगुसा म्हणाली. "आई, आठ माणसं कुठून आणणार आहेस? घर रिकामं करतोय आपण. गेला महिनाभर मी तुझी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून गुंडाळून लोकांना वाटतेय, आणि तू नवी घ्यायला निघालीस?"

त्यांच्या बोलण्यातून मला हळूहळू उलगडलं. फुसाएबाईंचे यजमान वारले होते. हिताचं घर विकायला काढलं होतं. पावसाळ्यानंतर फुसाएबाई कुमामोतोत, कुनिहिकोच्या घराजवळच, म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात राहायला जाणार होत्या. त्या त्याला वसतिगृह म्हणायच्या. ही सहल त्याआधीची. आईला जरा हवापालट, असं मुलांचं म्हणणं.

"त्या खोलीत एक कपाट आहे, तेही एवढंसं," कुनिहिको म्हणाला. "ही ठेवणार कुठे? पलंगाखाली?"

"हिला सोन्याची रेघ आहे, आई," नागिसा हळूच म्हणाली. "मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही हो अशी."

"मी हिला मायक्रोवेव्हमध्ये कोंबणार आहे असं कोण म्हणालं?"

"तसं नाही, पण धुवायलाही जपून..."

"ही बघ ना," चिगुसानं शेजारची एक चिमुकली वाटी पुढे केली. "गोड आहे. हलकी आहे. एका माणसाला अगदी पुरेशी."

फुसाएबाईंनी वाटीकडे पाहिलं, मग मुलीकडे. "म्हणजे यापुढे मी एकटीनं जेवायचं, हे तुमचं ठरलंय तर."

"आई, असं काय बोलतेस! मी आपली सोय बघतेय."

"ताई, वाद नंतर घाला," कुनिहिको म्हणाला. "गाडी लावलीय तिथला माणूस मघापासून डोळे वटारतोय."

आणि गेले! चौघंही गेले. फुसाएबाईंनी मला खाली ठेवलं, बरोब्बर जिथून उचललं होतं तिथेच ठेवलं, पण ठेवलंच ना? मला असा संताप आला म्हणून सांगू! सादाहारू गल्ल्यामागे बसून होता. एक शब्द बोलेल तर शपथ. पडद्याआडून मिसाओ पुटपुटली, "दगड घडवता घडवता माणूसच दगड झालाय."

जेवणं उरकून लोक परतायच्या वेळेला दारातली घंटी वाजली. टोपी हातात धरून फुसाएबाई आत आल्या. एकट्या. धाप लागली होती.

"ही बांधून द्या," त्या म्हणाल्या.

सादाहारू उठेपर्यंत मागून तिघंही धावत आले. "आई! अगं, न सांगता कुठे निघून येतेस? स्वच्छतागृहाबाहेर उभे होतो आम्ही!"

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंत?"

"बरं, घे," कुनिहिकोनं खिशातून पाकीट काढलं. त्याचा आवाज चढला होता. "घे बाई, मी घेऊन देतो तुला. पण मग कुठे ठेवायची ते मला विचारू नकोस."

"पाकीट आत ठेव, कुनी." फुसाएबाईंचा आवाज मात्र चढला नव्हता. "मी त्या घरात लग्न होऊन आले तेव्हा फडताळ भरलेलं होतं. सगळं सासूबाईंच्या पसंतीचं. एक बशी हलवायची तरी त्यांना विचारून. त्या गेल्या, तर तुमच्या बाबांना कचेरीतून भेटी यायला लागल्या. दर वर्षी तेच निळ्या फुलांचे कप. मग तुम्ही मोठे झालात, तुम्ही आणायला लागलात. आईला हे आवडेल, आईला ते आवडेल. चांगलंच आणलंत, माझी तक्रार नाही. पण चिगुसा, तू महिनाभर माझी भांडी गुंडाळलीस ना? त्यात माझं एकही नव्हतं."

नागिसा पिशव्या खाली ठेवून उगीचच रुमाल शोधायला लागली. फुसाएबाईंनी स्वतःच्या पर्समधून पैसे काढले, गल्ल्यावर ठेवले.

"चांगली निवड आहे तुमची," सादाहारू म्हणाला. जत्रेतलं त्याचं पहिलं वाक्य ते.

मिसाओनं मला हळदीत रंगवलेल्या पिवळ्या फडक्यात गुंडाळलं, कीड लागू नये म्हणून आमच्याकडे हेच फडकं वापरतात, आणि लाकडी पेटीत ठेवलं. मला हळद लागली! आता लग्नाला कितीसा उशीर, असं मनात म्हणत मी त्या गाडीत, फुसाएबाईंच्या मांडीवर, अरिता सोडलं.

लग्न काही लागेना.

हिताच्या घरात पेटी उघडलीच नाही, कारण सामान बांधाबांधीत होतं. मग घर विकलं गेलं. फुसाएबाई वसतिगृहात गेल्या. तिथे जेवण ताटलीतून आयतं यायचं, न फुटणाऱ्या, न वाजणाऱ्या ताटलीतून. म्हणून मी 'सध्या' कुनिहिकोकडे. या 'सध्या' शब्दाचा मला भारी राग आहे. सध्या म्हणजे कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा, शेजारी एक बंद पडलेला पंखा आणि जुन्या स्वेटरांचा वास.

नव्या वर्षाला फुसाएबाई दोन दिवसांसाठी घरी आल्या. कपाटातून मला त्यांचा आवाज ऐकू आला. "थाळी काढा ना माझी."

"आई, आत्ता सगळं मांडून झालंय. पुढच्या वेळी नक्की."

वसंतात आल्या. "थाळी?"

"स्टुलावर चढावं लागेल, आई. पुढच्या वेळी."

त्या उन्हाळ्यात माझी सुटका झाली, पण कशी? कुनिहिकोनं बैठकीत काचेचं कपाट घेतलं आणि मला त्यात उभं केलं. पाठीला टेकू, पुढे काच, वर छोटा दिवा. उभं केलं हो! थाळीला! पाहुणे यायचे, काचेला नाक लावायचे आणि म्हणायचे, सुंदर. पुन्हा तेच. माझ्या अंगावर अजून भाताचं एक शीतदेखील पडलं नव्हतं.

मग ओबोनचे दिवस आले. तुमच्याकडे पितृपक्षात येतात, तशी आमच्याकडे तेव्हा पितरं घरी येतात. चिगुसा फुकुओकाहून आली. फुसाएबाईही आल्या होत्या. यजमानांच्या फोटोपुढे, पितरांना बसून यायला-जायला, काकडी-वांग्याची जनावरं करून ठेवली होती. स्वयंपाकघरात नागिसा आणि फुसाएबाई, बैठकीत भाऊ-बहीण.

"दिव्याखाली काय दिसते रे!" चिगुसा माझ्यापुढे उभी होती. "कुनी, ही नंतर मी नेणार हं. आत्ताच सांगून ठेवते."

"का म्हणून? सांभाळतोय मी. कपाट मी घेतलं."

"आईनं घेतली तेव्हा तू पार्किंगवाल्याचं तोंड बघत होतास."

"आणि तू? तू तर वाटी पुढे करत होतीस! एका माणसाला पुरेशी म्हणे."

"माझ्याकडे आईची एकही वस्तू नाही. सगळं तुझ्या घरात. मी एकटी म्हणून मला काही नको असतं, असं आहे का?"

"बरं बाई, ने. पण नंतर."

"नंतर म्हणजे?"

"नंतर म्हणजे... नंतर."

दोघांनीही एकदम माना वळवल्या. कारण स्वयंपाकघराच्या दारात फुसाएबाई उभ्या होत्या, ओल्या हातांनी.

त्या सरळ आल्या, काच सरकवली आणि मला टेकूवरून उचललं. ते हात मी लगेच ओळखले. तसंच वजन तोललं त्यांनी. मला घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. मुलं मागोमाग. "आई, हात ओले आहेत! आई, सांभाळून!"

ओट्याच्या दगडी कडेशी त्या थांबल्या. माझा काठ नीट धरला, निरखून एक जागा निवडली, आणि ठण्णकन मला त्या कडेवर आपटलं.

टवका उडाला. सोन्याची रेघ तिथे तुटली. नागिसा किंचाळली.

कळ गेली माझ्या अंगातून! तीन भट्ट्यांत जे झालं नाही ते एका क्षणात. आणि कोणाच्या हातून? जिनं मला निवडलं तिच्या! मी मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

फुसाएबाईंनी अंगठा फिरवून कड पाहिली. टवका उचलून केराच्या डब्यात टाकला.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता ही कोणाला सांभाळायला नको, आणि नंतर न्यायलाही नको. नागिसा, ती भाजी आण."

"आई, अगं तू..." चिगुसाला रडू फुटलं.

"रडायचं असेल तर कांदा चिर. हिच्यात वाढायचं म्हणून घेतली होती मी. मी जिवंत असताना वाढायचं."

आणि वाढलं! कोंबडी, कमळकाकडी, अळकुड्या, गाजर, सगळं एकत्र शिजवलेलं, वाफाळतं, माझ्या अंगावर ओतलं. आधी ऊब, मग रस्सा पसरला, मग अळकुड्यांचा तो बुळबुळीत भार. मिसाओचं डाळिंब झाकून गेलं, कोणाला दिसेना. चारही बाजूंनी जेवायच्या काड्या आल्या. कुनिहिको मान खाली घालून जेवत होता. शेवटची कमळकाकडी चिगुसानं आणि त्यानं एकदम धरली, आणि दोघांनीही सोडली.

"अरे घ्या कोणीतरी," फुसाएबाई म्हणाल्या, आणि स्वतःच खाल्ली.

एवढ्यावर थांबले असते तर माझ्या आत्मवृत्ताचा शेवट गोड झाला असता. पण मला गोड शेवट मिळायचा नसतोच.

त्यानंतर मी खालच्या कप्प्यात राहायला आले, रोजच्या भांड्यांत. फुसाएबाई रविवारी येतात, चिगुसाही जमेल तेव्हा गाडी पकडून येते, आणि मला बाहेर काढतात. मध्यंतरी कुनिहिकोनं टवक्यावर सोन्याचा लेप लावून आणायची टूम काढली होती. "हात लावशील तर बघ," फुसाएबाई म्हणाल्या. ते तेव्हा. आता त्या बऱ्याच गोष्टी विसरतात. आधी नावं गेली, शेजाऱ्यांची. मग हिताचं घर विकलं हे विसरल्या. निघताना म्हणतात, "चला, घरी दार उघडं राहिलंय."

गेल्या रविवारी त्या माझ्यासमोर बसल्या, काडीनं अळकुडी बाजूला सारली आणि खालचे लाल दाणे बघत राहिल्या.

"ही छान आहे," त्या म्हणाल्या. "कोणी आणली?"

"तूच आणलीस, आई," चिगुसा म्हणाली. "अरिताहून. आमचं कोणाचं न ऐकता."

"मी?" त्यांना हसू आलं. "बरी आहे की माझी पसंती!" मग त्यांचा अंगठा काठावरून फिरत फिरत टवक्यापाशी आला. कपाळाला आठ्या पडल्या. "आणि हे काय? एवढी चांगली थाळी, कोणी फोडली?"

नागिसानं नवऱ्याकडे पाहिलं. चिगुसानं भावाकडे.

"माझ्या हातून, आई," कुनिहिको म्हणाला. "ओट्यावर आपटली."

"वाटलंच मला. लहानपणापासून धांदरट तो धांदरटच! चांगली वस्तू म्हणून तुझ्या हाती द्यायची सोय नाही."

"हो, आई. चुकलंच माझं."

बोलणी खाताना त्याचे डोळे भरले होते, आणि तो हसत होता. चिगुसानं टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. चांगली मुलं आहेत, मी नाही म्हणत नाही.

पण माझी तडफड कोणाला सांगू? त्या बाईनं आयुष्यात स्वतःच्या मनासारख्या दोनच गोष्टी केल्या. एक मला घेतलं, आणि दुसरी माझा टवका उडवला. पहिली तिला लोकांनी सांगून कळते, आणि दुसरी आता मुलाच्या धांदरटपणात जमा झाली. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, "बाई, तो नाही, तुम्ही! दिवसाढवळ्या, जागा निवडून, ठण्णकन! आणि काय दिसत होतात तेव्हा!" पण मी थाळी. माझ्यात वाढतात, मला विचारत नाहीत.

म्हणून तुम्हाला सांगितलं. तुमच्या कपाटात माझी कोणी बहीण वाट बघत बसली असेल तर तिला आज खाली काढा, आणि जिनं आणली तिला आधी वाढा. बाकी काही मागत नाही. फुसाएबाईंचं मात्र तेवढं लक्षात असू द्या, त्यांच्या वतीनं.

निघते. दाराची घंटी वाजली, रविवार आहे, आणि नागिसानं अळकुड्या उतरवल्यात.